पहिलं पाऊल कुणाचं

मिरियानने उतारावर एक पाऊल टाकलं आणि तसंच मागे घेतलं.

बर्फाने श्वास सोडला होता. बुटाखाली ‘हुंफ्’ असा दबका आवाज झाला आणि एक बारीक भेग त्याच्या पावलापासून निघून हातभर वर सरकली.

“आज नाही जायचं,” तो म्हणाला.

मागे जानसुग उभा होता. लेखेरी गावचा म्होरक्या वाटाड्या, आवाज असा की दरीपलीकडची गुरं माना वर करतात. त्याच्यामागे त्याचा मेहुणा बेजान आणि दोन पोलिश गिर्यारोहक. नऊ दिवस वादळाने त्यांना गावात कोंडून घातलं होतं. आज आभाळ निळंशार, वारा पडलेला, आणि समोर शिखर असं उभं की बघणाऱ्याची बोलतीच बंद व्हावी. आमच्या स्वानेतीच्या डोंगरांत हिवाळ्यात असं आभाळ उघडलं की शहाणी माणसंसुद्धा वेडी होतात.

“झालं याचं सुरू!” जानसुग गरजला. “गेल्या हिवाळ्यातही तुला हाच श्वास ऐकू आला होता. आम्ही मुकाट मागे फिरलो. आणि हा उतार? मे महिन्यापर्यंत बैलासारखा बसून होता, जागचा हलला नाही!”

मिरियानने भेगेकडे बोट दाखवलं. जानसुगने बुटाने तिच्यावर बर्फ लोटला. “ही बघ, गेली तुझी भेग.”

बेजान खिदळला. “वय झालं बाबा तुझं, मिरियान.”

मिरियान पंचेचाळिशीचा. आमच्या लेखेरीत उतारावर पहिलं पाऊल ज्याला मूलबाळ नाही त्याचं. त्याने कमरेला तीस हात लांब लाल दोरी बांधायची आणि ती मागे फरफटत न्यायची. वरून बर्फाचा लोट आलाच तर दोरी वर राहते, आणि माणूस कुठे गाडला गेलाय ते कळतं. मिरियानच्या लग्नाला अठरा वर्षं झाली होती, आणि अठरा वर्षं ती दोरी त्याच्याच कमरेला होती. दर हिवाळ्यात त्याची बायको पिक्रिया झिजलेली दोरी नव्याने शिवून द्यायची. शिवताना एक शब्द बोलायची नाही.

“दे ती दोरी इकडे,” जानसुग म्हणाला. “मी जातो पुढे.”

“तुला तीन पोरी आहेत.”

“असू देत! आमचा बाप भित्रा नव्हता, एवढं तरी सांगतील.”

आणि त्याने खरंच मिरियानच्या कमरेची गाठ सोडली. दोरी आपल्या कमरेला गुंडाळायला लागला. त्याला हाताला धरून थांबवणं म्हणजे रेड्याला शेपटीने धरणं. समोर तीन पोरींचा बाप मरायला निघाला होता आणि मिरियानला काय करावं ते सुचत नव्हतं. मग तो बोलून गेला.

“पिक्रियाला दिवस गेलेत.”

दोरी जानसुगच्या हातातच राहिली.

ही बातमी कानावर पडली की लेखेरीतला माणूस त्या दिवशी डोंगरावर पाऊल टाकत नाही. मग शिखर सोन्याचं का असेना. सरळ गावात यायचं, नव्या जिवाच्या नावाने पेला उचलायचा, बाकी सगळं उद्या. आजवर हे कुणी मोडलेलं नाही.

“अठरा वर्षांनी?” जानसुगचा आवाज पहिल्यांदाच लहान झाला. मग त्याने मिरियानला असं कवटाळलं की बरगड्या कुरकुरल्या. “आणि हे आत्ता सांगतोस, गाढवा?”

पोलिश गडी चिडले, हातवारे करू लागले. बेजानने त्यांना खांद्याला धरून वळवलं.

ते खालच्या झाडांपाशी पोचले असतील, नसतील. आधी आवाज नव्हताच. आधी उतार हलला. सगळाच्या सगळा, एका तुकड्यात, मेजावरचं कापड कुणी ओढावं तसा. मग तो फुटला आणि मग आवाज आला, तोही कानांआधी पायांना कळला. पांढरा धुरळा कड्याएवढा उठला. सूर्य दिसेनासा झाला. वाऱ्याच्या एका झोताने पाचही जण आडवे झाले.

धुरळा बसला तेव्हा समोर वेगळाच डोंगर होता. उतार खरवडून निघाला होता आणि खाली काळाभोर खडक चमकत होता. भर हिवाळ्यात तो खडक कुणी पाहिला नव्हता. केवढं ते! पाच माणसं मुंग्यांसारखी त्याच्या पायाशी पडली होती आणि कुणाला उठावंसं वाटत नव्हतं.

जानसुगने टोपी काढली. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

“अजून जन्मलं नाही, आणि पाच माणसं वाचवली त्या लेकराने! त्याचा धर्मबाप मीच होणार, मिरियान. अख्खा गाव तुझ्या दारी आणतो की नाही बघ!”

मिरियान पांढरा पडला. लेकरू नव्हतंच. तो खोटं बोलला होता. अठरा वर्षांत पिक्रियाने किती मेणबत्त्या लावल्या, लोकांच्या किती बारशांना हसऱ्या तोंडाने गेली आणि येताना वाटभर कशी गप्प राहिली, ते एकट्या त्याला ठाऊक. नेमक्या त्या जखमेवर त्याने बोट ठेवलं होतं. आता गाव वाजतगाजत येईल, आणि ती बिचारी कुणाला काय सांगेल?

तो धावत सुटला. निदान तिला आधी आपल्या तोंडून कळू दे.

पिक्रिया कणीक मळत होती. तो दारातच उभा राहिला, दाढीत बर्फ, छातीचा भाता झालेला.

“आधी ऐकून घे, मग हवं तर लाटणं घाल डोक्यात. मी सगळ्यांना सांगून बसलोय की तुला दिवस गेलेत.”

पिक्रियाचे हात थांबले. ती कानापर्यंत लाल झाली. मग तिने पिठाचा हात कपाळावर मारून घेतला.

“त्या दाईला मेलीला मी शपथ घातली होती! म्हटलं, तिसरा महिना सरू दे, माझ्या नवऱ्याला मीच सांगेन!”