आतला खिसा

दार उघडलं तेव्हा तिचा उजवा हात मनगटापर्यंत सरांच्या कोटाच्या खिशात होता.

सर शेजारच्या खोलीत फोन घ्यायला गेले होते, जेमतेम दोन मिनिटं. तेवढ्यात खुर्चीच्या पाठीवरचा कोट घसरून खाली पडला. तिने तो उचलला, झटकला, आणि पुढचं काम हाताने तिला न विचारताच केलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आणि तेही कुठे, तर मुलाखतीच्या खोलीत. सरांच्या प्रयोगशाळेत वर्षभर काम करायची जागा एकच होती आणि अर्ज बेचाळीस.

"काय शोधतेयस?" सरांनी दारातूनच विचारलं.

"काही नाही सर. म्हणजे... खिसे बघत होते."

"ते दिसतंय मला."

तिने हात बाहेर काढला. हातात सरांचं पेन होतं आणि दोन बोटं निळी झाली होती. "याला टोपण नाहीये सर. अस्तराला शाई लागायला लागलीय. आजच्या आज धुतलं तर निघेल, वाळली की नाही निघणार." एवढं बोलून झाल्यावर तिला आपण कुठे आहोत ते आठवलं आणि तोंडचं पाणी पळालं.

सर खुर्चीत बसले. समोरच्या अर्जातलं 'स्वतःविषयी' हे पान त्यांनी पुन्हा उचललं. "इथे लिहिलंयस, मला वाचनाची आणि प्रवासाची आवड आहे. कुठे प्रवास केलास?"

"घरून इथपर्यंत सर. बसने."

"आणि खिशांचं काय? ते यात कुठेच नाही."

आता लपवायला काही उरलंच नव्हतं. मग तिने सांगून टाकलं. घरची लाँड्री आहे. चालता येऊ लागल्यापासून खिसे बघायचं काम तिचं. एकदा, आठ वर्षांची असताना, एक खिसा बघायचा राहिला. त्यात पेन होतं. सात घरांचे सात पांढरे शर्ट निळे झाले. बाबा ओरडले नाहीत. तिचं बोट धरून सातही घरी गेले आणि प्रत्येक दारात म्हणाले, आमच्याकडून चूक झाली. माझ्या मुलीकडून, असं एकदाही म्हणाले नाहीत. परतताना सगळा रस्ता ती रडत होती. तेव्हापासून कपडा दिसला की हात खिशात जातो. मैत्रिणींची जॅकेटं, बसमध्ये कुणी विसरलेला स्वेटर, दुकानातल्या पुतळ्याचीसुद्धा पँट. जित्याची खोड.

"मग हे का नाही लिहिलंस?"

तिने बंद दाराकडे बघितलं. दाराबाहेरच्या बाकावर बाबा सकाळपासून बसले होते, स्वतःच्याच हाताने दोनदा इस्त्री केलेल्या शर्टात. "बाहेर बाबा बसलेत ना सर, ते म्हणाले, तिथे शिकलेली माणसं असतात, लाँड्रीचं नावसुद्धा काढू नकोस."

सरांनी पान खाली ठेवलं. "माझ्या खिशात आणखी काय होतं?"

"एक रुमाल, खडूचा तुकडा आणि घडी घातलेलं पत्र."

"कोणाचं?"

"मला कसं माहीत असणार सर?" ती जवळजवळ रागावूनच म्हणाली. "खिसे बघायचे असतात, वाचायचे नसतात."

सरांनी पेन तसंच बिनटोपणाचं हातात घेतलं, अर्ज घेतला, कोट हातावर टाकला. "चल," ते म्हणाले. तिला वाटलं, संपलं सगळं. ती मागोमाग गेली.

त्यांना बघताच बाबा बाकावरून ताडकन उठले. मुलीचा चेहरा उतरलेला, समोर एवढे मोठे सर, आणि सरांच्या हातावर चुरगळलेला कोट. बाबांनी दोन्ही हात पुढे करून तो कोट घेतला, दुकानात घेतात तसा. एकदा झटकला. उजवा खिसा, डावा खिसा, वरचा खिसा. मग अस्तराच्या आत, बगलेखाली असतो तो छोटा खिसा. त्यातून दोन बोटांनी काहीतरी बाहेर आलं.

"साहेब, हे तुमचं टोपण."

बोलल्यावर मात्र आपण काय करून बसलो ते बाबांच्या लक्षात आलं. ते जागच्या जागी थिजले, आणि टोपण धरलेला हात कुठे लपवावा हे त्यांना कळेना. खाण तशी माती असं आपण नेहमी मुलांना बघून म्हणतो. आज माती आधी दिसली होती, खाण नंतर.

सरांनी त्यांच्या हातातून टोपण घेतलं आणि पेनाला लावलं. टक्कन आवाज झाला. "आठवडाभर शोधतोय मी हे," ते म्हणाले. "तुमच्या मुलीलाही नाही सापडलं." मग त्यांनी ते 'स्वतःविषयी' पान तिच्या हातात दिलं. "हे पुन्हा लिहून आण. खरं खरं लिही. सोमवारी कामावर येशील तेव्हा दिलंस तरी चालेल."

तिला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा डोळे भरून आले आणि तिने वळून बाबांचा हात घट्ट धरला.

बाबांनी सोमवारचं ऐकलं की नाही कोण जाणे. ते तिच्या निळ्या बोटांकडे बघत होते. मग, समोर सर उभे आहेत हे साफ विसरून, त्यांनी दुकानातल्याच आवाजात विचारलं, "आतला खिसा नाही बघितलास?"