तीन कोर्सचा केक

मेहुणीबाईंनी केकचे तीन कोर्स केले होते, हे एव्हाना घरातल्या भांड्यांनाही पाठ झालं होतं. भाचीच्या वाढदिवसाला त्यांनी केलेला केक मात्र टेबलावर ठेवताच मधोमध खचला. भाचीचे डोळे भरून आले.

"ओव्हनच भिकार आहे तुमचा!" असं म्हणून मेहुणीबाई तयार व्हायला आत गेल्या.

पाहुणे यायला दोन तास होते. भाचीच्या बाबांनी, म्हणजे भावोजींनी, केक कुस्करला, क्रीम घालून मळला, लिंबाएवढे गोळे वळले आणि काड्या खोचून फ्रीजमध्ये ठेवले. मग एकेक गोळा वितळलेल्या चॉकलेटात बुडवून, नीट निथळू देऊन, ओला असतानाच त्यावर रंगीत दाणे भुरभुरवले.

पाहुणे बघतच राहिले. "माझीच रेसिपी!" मेहुणीबाई केस सावरत म्हणाल्या.

"पण ही चकाकी कशी आणलीत हो?" शेजारीणबाईंनी विचारलं.

मेहुणीबाई भावोजींकडे बघायला लागल्या.

"सोपं आहे," भावोजी म्हणाले. "गॅरेजात रोज हेच तर करतो. ठोकलेली गाडी आली की पत्रा सरळ करायचा, रंगाचे दोन हात मारायचे आणि कोणी ठोकली ते विचारायचं नाही."