सर्कलवरचा हॉर्न

सकाळी सव्वासात. गोडादऱ्याच्या सर्कलला अर्धा वळसा घातलेल्या भिकनच्या सायकलवर डावीकडून टेम्पो चढला. सायकल जागीच मोडली, भिकनची डावी मांडी दोन ठिकाणी. कापडाच्या कारखान्यातली रात्रपाळी संपवून तो घरी निघाला होता. त्याच्या मागच्या सायकलवर शेजारच्या लूमवरचा कारागीर हेमराज होता. टेम्पोवाल्यानं पोलिसांना सांगितलं, "मी सारखा हॉर्न देत होतो. हा थांबलाच नाही."

हॉर्न वाजलाच नाही, असं भिकन म्हणाला. हेमराजही तेच म्हणाला.

याला दीड वर्ष झालं. मांडीतला रॉड अजून आत होता. लूमसमोर पाळीभर उभं राहणं भिकनच्या पायाला झेपत नव्हतं. त्याची बायको प्रमिलाबाई घरी साड्यांचे लोंबते धागे कापून चूल पेटती ठेवत होती. दुसरं ऑपरेशन भरपाईवर अडलं होतं आणि भरपाई हॉर्नवर.

"सर्कलमध्ये आधी शिरलेल्याला वाट द्यायची, हा नियम आपल्या बाजूनं आहे," वकील जागृतीबेननं तिला समजावलं होतं. "पण हॉर्न वाजूनही तुमचा माणूस थांबला नाही असं ठरलं, तर दोष त्याच्याही माथी येईल. साक्षीदार एकटा हेमराज. त्याला सांभाळा."

प्रमिलाबाईला भरवसा नव्हता तो नेमका हेमराजचा. दिवाळीपासून तो घराकडे फिरकला नव्हता. आणि आज कोर्टाबाहेर, चहाच्या हातगाडीवर, तिनं त्याला टेम्पोच्या विमा कंपनीच्या वकिलाच्या कारकुनाबरोबर पाहिलं. कारकून त्याच्या खांद्यामागे उभा राहून काहीतरी बोलला. हेमराज ढिम्म. मग कारकून समोर आला, पुन्हा बोलला आणि दोघं खळखळून हसले. परकी माणसं असं हसत नाहीत.

व्हरांड्यात येऊन ती नवऱ्यासमोर उभी राहिली. "तुमना दोस्त दुसराना चहा पी राहिना."

"पिऊ दे! फुकटना चहा कोन सोडस?" भिकन इतक्या मोठ्यानं म्हणाला, की अख्ख्या व्हरांड्यानं वळून पाहिलं.

हेमराजला पाळीवर जायचं होतं, म्हणून त्याची साक्ष आधी घेतली. त्यानंतर भिकनची व्हायची होती. भिकन कुबडी भिंतीला टेकवून पुढच्याच बाकावर बसला. प्रमिलाबाई त्याच्या शेजारी.

विमा कंपनीचा वकील हेमराजच्या अगदी समोर उभा राहिला.

"हॉर्न बजा था?"

"नहीं, साहब."

"टेम्पो दिखा था?"

"दिखा. पर तब तक भिकन गिर चुका था."

उत्तरं सरळ होती. प्रमिलाबाईनं श्वास सोडला. वकील खिडकीशी गेला, हेमराजकडे पाठ केली आणि बाहेरच्या स्कूटर पाहत असल्यासारखा म्हणाला, "हेमराजभाई, गाँव कौन सा आपका?"

हेमराज त्याच्या पाठीकडे अदबीनं पाहत राहिला.

वकिलानं पुन्हा विचारलं, जरा आवाज चढवून. हेमराज गप्प.

गावाचं नाव सांगायला कोणाच्या बापाचं काय जातं? हे ठरवूनच चाललं होतं. चहा अंगी लागला म्हणायचा. "हाऊ फुटना," प्रमिलाबाई मान खाली घालून शेजारी पुटपुटली. भिकन काहीच बोलला नाही. तो घरातही असाच. पाठमोरा असताना काही विचारलं, की उत्तर द्यायचा नाही. नवऱ्याचा ताठा, असं तिनं कधीच ठरवून टाकलं होतं.

वकील वळला. तोच प्रश्न, पण आता समोरासमोर आणि हलक्या आवाजात.

"शिंदखेडा के पास, साहब," हेमराज लगेच म्हणाला.

मागच्या बाकावर कोणीतरी फिसकन हसलं. जागृतीबेनचं पेन कागदावर थांबलं.

"तो हॉर्न बजा नहीं, या आपको सुनाई नहीं दिया?"

"बजता तो सुनता नहीं क्या?" हेमराज दुखावला होता. त्यानं न्यायाधीशांकडे पाहून हात जोडले. "झूठ नहीं बोलता, साहब."

तो खोटं बोलत नव्हता, हे प्रमिलाबाईला आता कळलं. त्याला कोणी विकत घेतलं नव्हतं. त्याला ऐकू येत नाही, याची कारकुनानं त्याच्या पाठीमागे उभं राहून फक्त खात्री करून घेतली होती. लूमच्या खडखडाटात कोणी कानानं ऐकत नाही. कारागीर चार यंत्रं ओलांडून एकमेकांचे ओठ वाचतात, थट्टा करतात, शिव्यासुद्धा देतात. डबा घेऊन ती कारखान्यात जायची, तेव्हा तिला याची गंमत वाटायची. भिकन तर दारातच तिचे ओठ पाहून भाजी ओळखायचा.

तिनं सावकाश मान वळवली. भिकन न्यायाधीशांच्या तोंडाकडे एकटक पाहत होता. न्यायाधीश मान खाली घालून लिहीत होते.

विमा कंपनीचा वकील पट्टेवाल्याच्या कानाशी लागला. पट्टेवाला बाकांच्या मागे, दारापाशी गेला.

"भिकन हिरामण!"

भिकन हलला नाही.

जागृतीबेननं प्रमिलाबाईकडे पाहिलं आणि चटकन नजर काढून घेतली. भिकनचं कोपर तिच्या हातापासून वीतभर अंतरावर होतं. जरा ढोसलं असतं, तर तो उठला असता.

"भिकन हिरामण!" दुसरा पुकारा झाला.

विमा कंपनीचा वकील भिकनकडे पाहतच नव्हता. तो प्रमिलाबाईच्या हाताकडे पाहत होता.