लगेच आलो, बाईसाहेब

हृषीकेशला इटलीत म्हाताऱ्या माणसांना सांभाळायची नोकरी हवी होती. त्यासाठी तो चंदीगडच्या सेक्टर बावीसमधल्या एका क्लासात इंटरव्ह्यूपुरतं इटालियन शिकत होता. क्लासच्या मॅडमनी बजावलं होतं, "घर में भी यही बोलना जी, तभी ज़बान पे चढ़ेगी." पेशंटने हाक मारली की हसून काय म्हणायचं, तेही त्यांनी घोटून घेतलं होतं : "सूबितो, सिन्योरा." म्हणजे, लगेच आलो, बाईसाहेब.

वडील ऑफिसला गेले की हृषीकेश आरशासमोर बसून इंटरव्ह्यूचे प्रश्न आणि पेशंटची वाक्यं अर्थासकट मोठ्याने घोकायचा. "म्हाताऱ्या माणसांची सेवा मला मनापासून आवडते," हे वाक्य तर तो आता इटालियनमध्ये डोळ्यांत पाणी आणून म्हणू शकत होता. आतल्या खोलीत खुब्याचं हाड मोडून पडलेली आई मध्येच म्हणायची, "हृषी, पाणी दे रे जरा."

"यार आई, प्रॅक्टिस चाललीय ना!" म्हणत तो दार ओढून घ्यायचा.

बंद दाराआडून रोज तेच तेच ऐकून आईचेही चार शब्द पाठ झाले. मराठीत मागून मिळत नाही, तर असं तरी मागून बघावं, म्हणून एका दुपारी कोरड्या घशाने, जरा लाजतच तिने हाक मारली, "आक्वा, पेर फावोरे." पाणी द्या, कृपा करून.

 

"सूबितो, सिन्योरा!" हृषीकेश आरशात बघून गोड हसला, आणि पुढच्या प्रश्नाकडे वळला.