सातव्या मजल्याचा निकाल

"सांगतो, पण तुमच्यातल्या एकाचाही विश्वास बसणार नाही," असं म्हणून लिफ्टचा मिस्त्री समितीपुढच्या खुर्चीवर ऐसपैस बसला.

समिती तिघांची. प्राध्यापक, दातांच्या डॉक्टरीणबाई आणि ग्रंथपाल. वाचनालयाच्या सभासदांनी आवडत्या पुस्तकांना मतं दिली होती आणि यंदा याद्या दोन होत्या, विज्ञानकथांची वेगळी, अद्भुतकथांची वेगळी. गेल्या वर्षी यादी एकच होती. तिच्यात एक ड्रॅगन चौथा आला आणि अंतराळयान पाचवं. प्राध्यापक तीन महिने वाचनालयाची पायरी चढले नाहीत. वाचनालय तळमजल्यावर आहे, पायरीही एकच आहे, तरी नाही.

तेव्हापासून नियम झाला. जे घडतं त्याचा खुलासा पुस्तकात असेल तर विज्ञान, नसेल तर अद्भुत. खुलासा पटला नाही तरी चालेल, लांब हवा. प्राध्यापकांच्या लाडक्या कादंबरीत बारा पानं नुसतं इंजिनाचं वर्णन आहे. ती पानं त्यांनी स्वतःही उलटूनच टाकली आहेत. डॉक्टरीणबाईंना उलट यंत्र दिसलं की मळमळतं. दिवसभर ड्रिल धरणाऱ्या बाईला संध्याकाळी परीच लागणार, असं सभासद म्हणतात. अर्थात स्वतःचा दात दुखत नसेल तेव्हाच म्हणतात.

या दोघांच्या मध्ये मिस्त्रीने लिहिलेलं पुस्तक येऊन पडलं होतं. सहा मजल्यांच्या इमारतीतली लिफ्ट एक दिवस सातव्या मजल्यावर जाऊन थांबते, एवढीच गोष्ट. इमारतही हीच, जिच्या तळमजल्यावर ही बैठक चालली होती. सभासदांनी सगळ्यात जास्त मतं त्यालाच दिली. म्हणजे ज्या यादीत जाईल तिथे पहिलं. आणि पहिल्या पुस्तकाची नवी आवृत्ती वाचनालय काढणार होतं. मिस्त्रीच्या पुस्तकाची एकच प्रत उरली होती, बाकीच्या वाळवीने वाचून संपवल्या. चाळीस वर्षांत त्याने दुरुस्त केलेल्या बहुतेक लिफ्ट लोकांनी भंगारात काढल्या होत्या. मागे राहील असं त्याच्याकडे हे एवढंच होतं.

पण ते पहिलं आलं की प्राध्यापकांचं इंजिन दुसरं, नाहीतर बाईंची परी दुसरी. त्यामुळे प्राध्यापक म्हणत होते, खुलासा कुठाय, ही जादूटोण्याची भानगड बाईंकडे पाठवा. बाई म्हणत होत्या, पानोपानी ग्रीस आणि मोटर, माझ्या यादीला डाग नको. दोन घरचा पाहुणा उपाशी. शेवटी ग्रंथपालांनी लेखकालाच बोलावलं. लिफ्ट वर गेली कशी, तेवढं सांगा म्हणाले.

मिस्त्रीने मोटरबद्दल काहीबाही सांगितलं असतं तर तो विज्ञानात पहिला होता. मंत्र पुटपुटला असता तर अद्भुतात पहिला. पण साधी गोष्ट साधी सांगितली तर तो मिस्त्री कसला. तो म्हणाला, मी काही रचलेलंच नाही. सातवा मजला आहे. मी स्वतः गेलोय. दार उघडलं तर समोर लांबच लांब व्हरांडा, खिडकीतून ढग आत येतायत, आणि एका बाईने आग्रह करकरून चहा पाजला. तो इतका कडकडीत गरम की मिशी जळाली.

"तेव्हापासून उगवलीच नाही," त्याने ओठावरून बोट फिरवलं.

प्राध्यापकांचा चेहरा उजळला. खरी घडलेली हकिगत म्हणजे ना विज्ञानकथा, ना अद्भुतकथा. तिला यादीच नाही. बाईंना हे तत्काळ पटलं. वर्षभरात दोघांचं एकमत झालं ते हे पहिलं, एका माणसाचं पुस्तक बुडवताना. प्राध्यापकांनी पेनचं टोपण काढलं.

ग्रंथपालांनी वाकून मिस्त्रीला हळूच विनवलं, की अहो, थाप मारली म्हणा. एवढं बोललात तरी पुस्तक वाचतंय. मिस्त्रीने टेबलावरच्या प्रतीकडे पाहिलं. तिच्या उसवलेल्या पाठीवरून हात फिरवला. मग त्याने मान ताठ केली. अशी कबुली त्याच्या तोंडून त्याच्या बायकोलाही कधी काढता आली नव्हती.

"गेलोय म्हणजे गेलोय," तो म्हणाला, पण आवाज खाली गेला होता.

पेन कागदाला टेकलं.

कोपऱ्यात वर्तमानपत्र वाचत बसलेल्या आजींनी चष्मा काढला. त्या रोज दुपारी यायच्या, शेवटच्या पानापर्यंत वाचायच्या आणि धापा टाकत जिना चढून जायच्या. आजवर त्यांनी कोणाच्या बोलण्यात तोंड घातलं नव्हतं.

"साफ खोटं बोलतोय हा," त्या म्हणाल्या. "सातव्या मजल्यावर मी एकटीच राहते. बारा वर्षं लिफ्टची तक्रार करतेय, हा मेला एकदाही वर फिरकलेला नाही."