वादी हजर

"हौसाबाईंच्या वाटणीच्या दाव्याची फी तुम्ही नऊ वर्षांपूर्वी एकदाच घेतलीत, ताई. तासांवर घेतली असती तर?" ज्युनिअरने विचारलं.

वकीलबाई थकल्यासारखं हसल्या. "काढ कोर्टाचा रोजनामा. बघू तरी किती राबले ते."

रोजनाम्यात तारखा निघाल्या ब्याण्णव. ज्युनिअर वाचू लागली. 'वादीच्या वकिलांचा मुदतीचा अर्ज. मंजूर.' पुढच्या तारखेलाही तेच, त्याच्या पुढेही तेच. जास्त फीचं काम आलं, की वकीलबाई हा दावा पुढे ढकलत आल्या होत्या. त्यांचं काम भरलं जेमतेम चौदा तास.

प्रत्येक नोंदीत आणखी दोनच शब्द होते. 'वादी हजर.'

तेवढ्यात हौसाबाई दारात आल्या. वकीलबाईंचा चेहरा बघून म्हणाल्या, "दमलाय जणू तुम्ही. घ्या पुढची तारीख. मला सवय हाय."