केझायाबाईंचा जबाब

अमेरिकेतल्या मिसूरी राज्यात जमावानं मॉर्मन पंथाच्या लोकांची वस्ती लुटली. जे नदीपार इलिनॉयला पळून आले, त्यांचे शपथेवरचे जबाब त्यांच्याच पंथातला एलम लिहून घेत होता. न्याय मिळायची तेवढीच आशा होती.

“गाय नेली, गाद्या फाडल्या,” विधवा केझायाबाई शांतपणे म्हणाल्या. “भिंतीवरचं घड्याळ नेलं. टिकटिक मात्र त्यांना नेता आली नाही. ती माझ्यामागोमाग इथं आली. लिही.”

“सिस्टर, हे वाचून न्यायाधीश अख्खा जबाबच फेकून देतील.”

“देऊ देत. शपथ काय सोयीपुरती घेतलीय, ब्रदर?”

एलमला त्यांचा अभिमान वाटला. त्यानं शब्द न् शब्द लिहिला.

लेखणी थांबली, तेव्हा मागच्या रिकाम्या लाकडी भिंतीतून टिकटिक ऐकू आली. त्यानं उठून फळीवर तळहात टेकला.

आत कुणीतरी सावकाश किल्ली देत होतं.